दाखल नोंदवही क्लाउडवरून उतरवताना : प्रकल्प नोंदी

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

संध्याकाळी वाचनालयात कार्यकारी मंडळाची बैठक होती, त्यासाठी पुण्याहून गेलो. विषयपत्रिकेवर संगणकाचा विषय पाचवा होता. नानांनी तो पहिला घेतला. नाना आमचे कार्यवाह. त्यांच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. गुजरातेत वाडीनारला तेलशुद्धीकरण कारखाना चालवणारी नायरा एनर्जी युरोपीय संघाच्या निर्बंधांत सापडली, त्यानंतर जुलैच्या उत्तरार्धात मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. नानांनी कात्रण टेबलावर ठेवून विचारलं, "पैसे भरलेल्या एवढ्या मोठ्या कंपनीचं असं होतं, तर आपलं कोण ऐकणार?"

आमचंही जूनमध्ये बंद पडलं होतं. वाचनालयाची सूची आणि देवघेव सांभाळणारी प्रणाली क्लाउडवर, म्हणजे एका कंपनीच्या भाड्याच्या यंत्रांवर, आहे. माझं बँकेचं कार्ड बदललं, महिन्याचं बिल आपोआप कापलं गेलं नाही, सूचनेच्या ईमेल माझ्या क्वचित उघडल्या जाणाऱ्या खात्यावर आल्या आणि प्रणाली गोठली. तीन दिवस आमच्या ग्रंथपाल ताईंनी देवघेव वहीत लिहून काढली. मदतकक्षाकडून चार उत्तरं आली, चारही छापील मजकुराची. माणसाशी बोलणं झालंच नाही.

पाच वर्षांपूर्वी ही प्रणाली मीच बांधून दिली. लॉकडाउनमध्ये, फुकटच्या मर्यादेत बसेल अशी, तीन आठवड्यांत. तेव्हा ती लोकांच्या कामी आली आणि तो निर्णय त्या वेळेपुरता मला आजही बरोबर वाटतो. पण शंभर वर्षांहून जुन्या संस्थेची दाखल नोंदवही माझ्या नावच्या खात्यावर आणि माझ्या कार्डावर लटकत राहणं बरोबर नाही.

नोव्हेंबरअखेर सगळं उतरवायचं ठरलं. कसोटी एकच ठेवली आहे: मी नसताना ताई आणि गावातला संगणक दुरुस्त करणारा कोणी, असे दोघे मिळून सगळं दुसऱ्या यंत्रावर उभं करू शकले पाहिजेत.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. दुपारनंतर बसून काय कुठे अडकलंय ते लिहून काढलं.

पुस्तकांच्या ४१ हजार नोंदी आणि सभासदांची देवघेव त्या क्लाउड कंपनीच्या स्वतःच्या विदागारात (डेटाबेसमध्ये) आहे. त्याला एसक्यूएल ही विदागारांची नेहमीची भाषा कळत नाही, नोंदी कागदपत्रांसारख्या एकात एक घुसवलेल्या आहेत. दंडाचा हिशेब, मुदत संपल्याचे संदेश, वर्गणीची पावती ही कामं छोट्या छोट्या फंक्शनमध्ये (घटना घडली की आपोआप चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) आहेत आणि ती त्याच क्लाउडमध्ये चालतात. शोध वेगळ्या सेवेत. लॉगिन मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने, तेही त्यांच्याकडून. जुन्या मासिकांचे स्कॅन, सुमारे १९० जीबी, त्यांच्या साठवणीत.

आधी वाटलं होतं की विदा, म्हणजे डेटा, बाहेर काढली की झालं. यादी करताना लक्षात आलं की विदा हा सर्वांत सोपा भाग आहे. विदेला अर्थ देणारे नियम ठिकठिकाणी पसरलेत, आणि त्यातले बरेचसे मी लिहिलेलेच नाहीत. त्या सेवेच्या सवयी आहेत त्या.

आणखी एक गोष्ट सापडली. सभासद करून घेताना घेतलेल्या आधारकार्डांच्या छायाचित्रांचा एक गठ्ठा साठवणीत तसाच पडून होता. वाचनालयाला त्याची गरज नाही. ताईंना फोन केला, त्यांनी नानांना विचारलं, रात्री पुसून टाकला. हे स्थलांतर करायचं नव्हतंच.

१७ ऑगस्ट, रविवार

विदा उतरवली. निर्यात करण्याची सोय आहे, पण निघणारी फाइल त्यांच्याच स्वरूपात, जी परत त्यांच्याच सेवेत भरता येते. म्हणून एक छोटा प्रोग्राम लिहून एकेक नोंद वाचली आणि साध्या जेसनमध्ये, म्हणजे कुठल्याही प्रणालीला वाचता येणाऱ्या मजकूर स्वरूपात, उतरवली. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली.

बाहेर जाणाऱ्या विदेचं शुल्क हा मोठ्या ग्राहकांचा जुना प्रश्न आहे. आत टाकायला फुकट, बाहेर काढायला पैसे. २०२४ च्या जानेवारी ते मार्च या काळात गुगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्ही कंपन्यांनी सेवा सोडून जाणाऱ्यांना हे शुल्क माफ करायचं जाहीर केलं. त्यामागे युरोपचा विदा कायदा उभा होता. आमच्या १९० जीबीचे दोनेक हजार रुपये झाले असते. त्यामुळे आम्हाला अडवून ठेवणारी गोष्ट शुल्क नव्हती, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. या विषयावर बोलताना लोक शुल्कापाशीच थांबतात.

२४ ऑगस्ट, रविवार

आजचा सगळा दिवस तारखांनी खाल्ला.

पोस्टग्रेस या मुक्त स्रोत विदागारात विदा भरली आणि वर्गणीचा अहवाल काढला. ताईंकडच्या पावतीपुस्तकाशी ताडून पाहिला तर प्रत्येक तारीख एक दिवस मागे. १ एप्रिलला भरलेली वर्गणी ३१ मार्चला दिसत होती, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात. हिशेब तपासनिसांपुढे हे गेलं असतं तर दोन वर्षांचा जमाखर्च चुकला असता.

कारण असं. जुन्या विदागारात निव्वळ तारीख असा प्रकारच नव्हता, फक्त क्षण होता. मी १ एप्रिल लिहिलं की ते भारतातल्या मध्यरात्रीचा क्षण साठवायचं, आणि जागतिक वेळेत तो ३१ मार्चचे संध्याकाळी साडेसहा. दाखवताना मोबाईल साडेपाच तास पुन्हा मिळवायचा म्हणून पाच वर्षं कोणाला कळलं नाही. नव्या जागी मी तो क्षण जागतिक वेळेतच वाचला आणि तारखेच्या रकान्यात टाकला. आता वर्गणी, दाखल तारीख आणि परतीची तारीख हे तिन्ही रकाने निव्वळ तारखेचे केलेत. पुस्तक दिल्या-घेतल्याची वेळ मात्र क्षण म्हणूनच ठेवली.

ताईंनी पावतीपुस्तकं जपून ठेवली नसती तर ही चूक सापडायला मार्ग नव्हता. पडताळणीसाठी कागद लागतो, ही नोंद ठळक करून ठेवतो.

(पुढचे पंधरा दिवस गणपती. काम बंद.)

१३ सप्टेंबर, शनिवार

कालपासून युरोपीय संघाचा विदा कायदा लागू झाला. १२ जानेवारी २०२७ नंतर एका क्लाउडवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या ग्राहकाकडून स्थलांतराचं शुल्क घेता येणार नाही, असं त्यात आहे. आपल्या वाचनालयाला त्याचा थेट उपयोग नाही, पण सेवा सोडून जाता येणं हा ग्राहकाचा हक्क आहे असं कायद्याच्या भाषेत कोणीतरी लिहिलं, याचं मला मोल वाटतं.

आजचं काम वर्णक्रमाचं. या प्रकल्पातलं माझं सगळ्यांत आवडतं काम, म्हणून सविस्तर लिहितो.

ताईंनी सूची उघडली आणि लगेच म्हणाल्या, "ज्ञानेश्वरी इथे कशी?" 'ज्ञ'ची पुस्तकं 'ज'च्या शेवटी, 'झ'च्या आधी आली होती. 'क्ष'ची 'क'च्या शेवटी. संगणकाच्या दृष्टीने ते बरोबर आहे, कारण 'ज्ञ' म्हणजे ज, हलन्त आणि ञ, आणि युनिकोडच्या (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या) क्रमांकांनुसार लावलं की हेच होणार. पण आपल्या कार्डांच्या खणांत 'ह'नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात. सभासदांचे हात त्याच क्रमाला सरावलेले आहेत.

मग जुन्या प्रणालीत बरोबर कसं दिसत होतं? शोधल्यावर माझाच पाच वर्षांपूर्वीचा कोड सापडला. क्रम विदागारात लागतच नव्हता, मोबाईलच्या ब्राउझरमध्ये मराठी क्रम मागून लावला होता. म्हणजे वर्णक्रम कुठल्याच नोंदीत नव्हता. तो वाचणाऱ्याच्या यंत्रात होता.

पोस्टग्रेसमध्ये वर्णक्रम दोन ठिकाणांहून घेता येतो. एक ग्लिबसीकडून, म्हणजे लिनक्सच्या मूळ कोडसंचाकडून, आणि दुसरा आयसीयूकडून, म्हणजे युनिकोडचे भाषावार नियम सांभाळणाऱ्या वेगळ्या कोडसंचाकडून. पहिला घ्यायचा नाही असं ठरवलं. २०१८ मध्ये ग्लिबसीच्या २.२८ आवृत्तीत वर्णक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले, आणि ज्यांनी विदागार जसंच्या तसं नव्या लिनक्सवर नेलं त्यांच्यातल्या अनेकांच्या अनुक्रमणिका बिघडल्या. विदा जागेवर, पण शोधली की सापडत नाही. ग्रंथपालाला हे समजावून सांगावं लागत नाही: पुस्तक कपाटात आहे, पण सूचीतला खण चुकलाय. आयसीयूमध्ये पोस्टग्रेस १६ पासून स्वतःचे नियमही देता येतात. मी ळ, क्ष, ज्ञ यांचा क्रम तिथे लिहून टाकला. एका ओळीचं काम. पण आता ती ओळ विदेसोबतच प्रवास करेल.

१४ सप्टेंबर, रविवार

कालचंच पुढे. शोधही चुकतोय.

'दऱ्याखोऱ्या' शोधलं तर दोनच पुस्तकं, जुन्या प्रणालीत पाच. 'ऱ्य' दोन प्रकारे टंकलेला आहे. काहींमध्ये 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून, काहींमध्ये साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. 'ॲ'चं तसंच. २००८ पासून युनिकोडमध्ये त्याला स्वतःचं चिन्ह आहे, पण त्याआधीच्या आणि नंतरच्याही पुष्कळ नोंदींत 'अ'वर चंद्र देऊन लिहिलंय. युनिकोडचं प्रमाण सामान्यीकरण, म्हणजे समान रूपं एक करण्याची प्रक्रिया, चालवलं तरी या जोड्या एक होत नाहीत, कारण युनिकोड त्यांना समान मानतच नाही.

जुनी शोधसेवा हे सगळं गुपचूप जुळवून घ्यायची. कसं, ते तिच्या माहितीपत्रकात कुठे लिहिलेलं नाही. मला आज जी चीड आली ती याची. पाच वर्षं आपण एका नियमावर विसंबून होतो आणि तो नियम आपल्याला दाखवलाही नव्हता.

मूळ नोंदीला हात न लावता शोधासाठी वेगळा रकाना केला. त्यात 'ऱ्य' आणि 'ॲ' एकाच रूपात आणले, ऱ्हस्वदीर्घ एक केलं, अनुस्वार आणि परसवर्ण एक केले. सतरा नियम झाले. ताईंनी त्यात आणखी दोन सांगितले, जे मला सुचणं शक्य नव्हतं: जुन्या पुस्तकांवरची 'करितां', 'नाहीं' ही अनुस्वारवाली रूपं, आणि लेखकाच्या नावात आधी आडनाव की आधी नाव. एकोणीस नियमांची फाइल मराठी टिपांसह ठेवली आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

नानांच्या ओळखीच्या एका महाविद्यालयीन ग्रंथपालांनी विचारलं, कोहा ही ग्रंथालयांची तयार प्रणालीच का घेत नाही? प्रश्न रास्त आहे. कोहा न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआच्या ग्रंथालयासाठी लिहिली गेली आणि २००० सालच्या सुरुवातीपासून वापरात आहे. मुक्त स्रोत, जगभर चालते. पण आमच्या ताईंना वार्षिक तपासणीसाठी लागणारे तक्ते, अनामत आणि वर्गणीच्या पद्धती, हे सगळं तिच्यात बसवून ती सांभाळायला कोणीतरी कायम लागेल. आज तो माणूस आमच्याकडे नाही.

मधला मार्ग काढला. प्रणाली आपलीच छोटी ठेवायची, पण ग्रंथांच्या नोंदी दर महिन्याला मार्क २१ स्वरूपात काढून ठेवायच्या. उद्या कोणी कोहा किंवा दुसरं काही घ्यायचं म्हटलं तर दार उघडं असेल. मार्क अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० च्या दशकात तयार झालं, ते मुळी एका ग्रंथालयाची सूची दुसऱ्याला यंत्राने वाचता यावी म्हणूनच. लेखक १०० क्रमांकाच्या क्षेत्रात, शीर्षक २४५ मध्ये. साठ वर्षांपूर्वीचं स्वरूप आजही कुठलीही ग्रंथालय प्रणाली वाचते. आमच्या संगणकाच्या जगात एवढं टिकलेलं फार थोडं आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

फंक्शन उतरवली. दंडाच्या हिशेबात एक गुंतागुंतीचा भाग होता, तो कशासाठी लिहिला ते आठवायला तास गेला. पुस्तक परत आल्याची घटना घडली की फंक्शन चालायचं, पण ती सेवा हमी देते 'किमान एकदा'ची, 'एकदाच'ची नाही. क्वचित तेच फंक्शन दोनदा चालायचं आणि सभासदाला दुप्पट दंड लागायचा. ते टाळायला मी प्रत्येक घटनेचा क्रमांक लिहून ठेवत होतो. आता परतीची नोंद आणि दंड एकाच व्यवहारात होतात: दोन्ही होतील किंवा एकही नाही. त्यामुळे सव्वाशे ओळी गेल्या. आमचा म्हणून मिरवणारा किती कोड खरं तर त्या सेवेच्या स्वभावाला सांभाळण्यासाठी होता, हे आज दिसलं.

५ ऑक्टोबर, रविवार

स्कॅन. ॲमेझॉनची एस-थ्री साठवण २००६ ला आली आणि तिची बोलण्याची पद्धत इतकी रुळली की इतर अनेक साठवणी तीच भाषा बोलतात. आधी मनात होतं की तीच भाषा बोलणारं मुक्त सॉफ्टवेअर, मिनिओ, आपल्या यंत्रावर टाकावं. पण यंदा मे महिन्यात त्याच्या सामुदायिक आवृत्तीतून व्यवस्थापनाच्या पडद्यावरच्या बऱ्याच सोयी काढल्या गेल्या. असं इतरत्रही झालंय. रेडिस या विदागाराने २०२४ च्या मार्चमध्ये मुक्त परवाना बदलला, तेव्हा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की ही शाखा, म्हणजे आधीचा मुक्त कोड घेऊन वेगळी वाट धरणारी आवृत्ती, निघाली. क्लाउडवरची यंत्रं उभी करण्याच्या टेराफॉर्म या साधनाचं २०२३ मध्ये तेच झालं, त्यातून ओपनटोफू आलं. मुक्त परवान्यामुळे निदान शाखा काढता येते, आणि तो फरक फार मोठा आहे. पण शाखेकडे कधी वळायचं हे बघायलाही कोणीतरी जागं लागतं. वाचनालयात तसं कोणी नाही.

म्हणून साध्या फोल्डरमध्ये साध्या फाइली. फोल्डरचं नाव दाखल क्रमांक, फाइलचं नाव पानाचा क्रमांक. सोबत प्रत्येक फाइलची बेरीज-खूण (फाइल बदलली का ते ओळखणारा आकडा) असलेली मजकूर फाइल. ताडून पाहताना तीन पानं जुळली नाहीत, ती पुन्हा उतरवली. जुळली.

अनेक यंत्रांवरचे प्रोग्राम सांभाळणाऱ्या कुबरनेटिसबद्दल एका मित्राने आग्रहाने सांगितलं. हजार यंत्रं असलेल्यांसाठी ते आहे, आमचं यंत्र एक. पोस्टग्रेस आणि आमचा प्रोग्राम असे दोन कंटेनर (लागणाऱ्या सगळ्यासकट बांधलेले प्रोग्राम) आणि ते उभे करणारी पानभर फाइल, एवढंच ठेवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

लॉगिन सुटलं, पण वेगळ्याच रीतीने. मोबाईलवर ओटीपी पाठवायचा तर वाचनालयाला संदेशांसाठी डीएलटी नोंदणी, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नियमाने लागणारी नोंदणी, करावी लागेल: संस्थेची नोंद, पाठवणाऱ्याचं नाव, प्रत्येक संदेशाचा नमुना. आजवर हे सगळं ती सेवा तिच्या नावावर करत होती. दोन आठवडे मी कागद गोळा करत बसलो होतो. शेवटी ताई म्हणाल्या, "अहो, सहाशे वीस सभासद आहेत, सगळे महिन्यातून एकदा तरी इथे येतात. कार्डावर क्रमांक लिहून देते की."

तसंच केलं. सभासद क्रमांक आणि ताईंच्या हस्ताक्षरातला सहा आकडी संकेतांक. पाचदा चुकला की खिडकीवर यायचं.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरक चतुर्दशी. फराळ करून बसलो तर दुपारी मित्रांचे फोन. ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रात बिघाड, स्नॅपचॅट, सिग्नल आणि जगभरातल्या कितीतरी सेवा बंद. नंतर कळलं की तिथल्या डायनॅमोडीबी विदागाराचा पत्ता सांगणारी डीएनएस नोंद स्वयंचलित व्यवस्थेच्या चुकीने रिकामी झाली आणि त्यावर टेकलेलं बाकीचं एकामागोमाग खाली आलं. पत्ता सांगणारी एक नोंद.

आमचं आज काही बंद पडलं नाही. पण कुठलंही एकच ठिकाण, आपलं स्वतःचंसुद्धा, पुरेसं नाही, म्हणून प्रतींचा आराखडा आजच पक्का केला. मुख्य प्रणाली भारतातल्या एका छोट्या पुरवठादाराकडे भाड्याने घेतलेल्या यंत्रावर, खातं वाचनालयाच्या नावे, पैसे वर्षाचे एकरकमी, बँकेतून. रोज रात्री पूर्ण प्रत वाचनालयातल्या संगणकावर. दर शनिवारी एक प्रत डिस्कवर, डिस्क नानांच्या घरी. गेल्या वर्षी मे महिन्यात ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं गुगल क्लाउडवरचं खासगी क्लाउड चुकीने पुसलं गेलं होतं. सहा लाखांहून अधिक सभासद खोळंबले. निधी सावरला, त्यात वेगळ्या ठेवलेल्या प्रतींचा मोठा वाटा होता.

९ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीनंतर पुन्हा गती. दोन्ही प्रणाली आठवडाभर शेजारी शेजारी चालवल्या. रोज रात्री देवघेवीचे आकडे ताडले. मंगळवारी एक फरक निघाला, एकच पुस्तक दोनदा परत. जुन्या प्रणालीतला तो दोनदा चालण्याचा प्रकार. बाकी सगळं जुळलं. सोमवारपासून खिडकीवर नवीनच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तालीम. वाचनालयातल्या मागच्या खोलीत कोरा संगणक, नानांच्या घरची डिस्क आणि मी लिहिलेली सहा पानांची मराठी कृती. ताई आणि बाजारपेठेतल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा, दोघेच आत. मी बाहेर वर्तमानपत्रांच्या टेबलाशी. काही विचारायचं नाही असं ठरलेलं.

दोन तास चाळीस मिनिटं लागली. तिसऱ्या पानावर अडले होते, कारण तिथे मी 'विदागार पुनर्स्थापित करा' असं लिहिलं होतं आणि आज्ञा पुढच्या पानावर होती. मुलाने ती शोधून काढली. मग ताईंनी दार उघडून हाक मारली, "या, ज्ञानेश्वरी बघा कुठे आहे." 'ह'च्या नंतर होती.

तिसरं पान संध्याकाळी नव्याने लिहिलं. दर सहा महिन्यांनी ही तालीम घ्यायची असा ठराव नाना पुढच्या बैठकीत मांडणार आहेत.

३० नोव्हेंबर, रविवार

जुनं खातं बंद केलं. त्याआधी साठवण, विदागार आणि फंक्शन एकेक करून रिकामी केली, शेवटचं बिल भरलं, कार्ड काढून टाकलं. सदस्यांची कुठलीही माहिती तिथे राहिलेली नाही हे दोनदा पाहिलं.

एक गोष्ट उरली होती, ती शेवटपर्यंत माझ्या लक्षात आली नाही. संकेतस्थळाचं नाव. तेही २०२० पासून माझ्याच ईमेलवर नोंदलेलं. आज दुपारी नानांची सही आणि वाचनालयाच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत घेऊन नाव बदलण्याचा अर्ज पाठवला. मंजुरीचा संदेश आता वाचनालयाच्या ईमेलवर येईल. त्याचा पासवर्ड ताईंनी दाखल नोंदवहीच्या कपाटात, बंद पाकिटात ठेवला आहे.